माझ्या चित्रातले परके हात

४ मार्च, सकाळ
पुस्तक आलं. 'चला, हात धुऊ या'. आतल्या पानावर 'चित्रे' या शब्दापुढे माझं पूर्ण नाव. एकही चूक नाही. वेलांट्या, उकार, सगळं जागच्या जागी. आयुष्यातलं पहिलं पुस्तक. पाकीट कात्रीने सरळ रेषेत कापलं. पाकीटही जपून ठेवणार.

४ मार्च, थोड्या वेळाने
पाकीट फेकून दिलं.
चित्रांत हात आहेत.
मी हात काढले नव्हते. मुलगा बेसिनपाशी पाठमोरा होता. मुलगी टॉवेलमागे होती. आई कोपरापर्यंत फेसात होती, आणि डॉक्टरांचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते. सगळं विचारपूर्वक केलं होतं. हात दाखवणं कुणालाही जमतं. हात सुचवणं ही कला आहे.
छापील पुस्तकात मुलगा वळलेला आहे. फेस कमी केलाय. डॉक्टरांचे हात खिशातून बाहेर काढलेत, आणि ते चक्क साबण लावतायत. मला न विचारता.
हात चांगले आहेत. हे फक्त नोंदीसाठी लिहून ठेवतो.

५ मार्च
संपादकाला फोन केला. शांतपणे बोलायचं ठरवलं होतं. सुरुवात शांत झाली.
तो म्हणाला, "अहो, हात धुण्याचं पुस्तक आहे. एकाला तरी हात नकोत का?"
मी म्हटलं, जिथे फेस आहे तिथे हात असतोच, वाचकाच्या बुद्धीवर विश्वास ठेवा. तो म्हणाला, वाचक चार वर्षांचा आहे. कुणी काढले हात, विचारलं. म्हणाला, बाहेरून करून घेतले, आणि दुसरा फोन येतोय असं सांगून ठेवला. दुसरा फोन येत नव्हता. आवाजावरून कळतं.
याला सोडणार नाही. आणि त्या हातवाल्याला तर मुळीच नाही.

६ मार्च
आई पुस्तक घेऊन सगळ्या मजल्यांवर फिरून आली. सगळ्यांना हात फार आवडले म्हणे. खालच्या आजी म्हणाल्या, बोटं अगदी खरी वाटतात, तुमच्या मुलाच्या बोटांत जादू आहे. आईच्या डोळ्यांत पाणी आलं.
संध्याकाळी ताई आणि भावोजी आले. भावोजींचं टाइल्सचं दुकान आहे. काउंटरवरची एक खुर्ची ते दीड वर्ष माझ्यासाठी मोकळी ठेवून आहेत, असं ते दर वेळी सांगतात. आमचं ठरलंय की या वर्षात चित्रकार म्हणून नाव झालं तर पुन्हा खुर्चीचा विषय काढायचा नाही. भावोजींनी पुस्तक चाळलं आणि म्हणाले, आता हात बसलेला दिसतोय तुझा.
हेच ते. माझं नाव दुसऱ्याच्या हातांवर उभं आहे. मला माझं नाव माझ्या चित्रांवर हवंय. बाकी काही नको. सूड हवाय, पण तो त्याच्यातच आला.

९ मार्च
चित्रकला महाविद्यालयातल्या जुन्या वर्गमित्राकडून एक पत्रक मिळालं. (महाविद्यालय मी पहिल्या वर्षी सोडलं. हातांचा पाठ झाला त्या आठवड्यात मला ताप होता. पुढच्या आठवड्यात त्यांनी पाय घेतले. माझे पाय उत्तम येतात.) पत्रक व्यावसायिक चित्रकारांच्या संघटनेचं आहे. 'सभासदत्वाचे फायदे'. करारांचे नमुने, वकिलाचा सल्ला, नव्या सभासदाला अनुभवी मार्गदर्शक, गुरुवारची बैठक, सवलतीत कागद. आणि तक्रार समिती.
लोक यात कागद बघत असतील. मी शस्त्रं बघतो. तक्रार समिती प्रकाशकाला बोलावू शकते, सभासदाला काढूनही टाकू शकते. हातवाला सभासद असणारच. इतके चांगले हात काढणारा बाहेर कशाला राहील?
पत्रकात अनुस्वाराच्या तीन चुका. लाल शाईने दुरुस्त करून अर्जासोबत जोडलं. पहिल्या भेटीतच दरारा बसला पाहिजे.

१८ मार्च
मुलाखत झाली. संघटनेचं ऑफिस एका छापखान्याच्या वर आहे. जिना अरुंद, वर गेल्यावर शाईचा वास, खालच्या मशीनने टेबलावरचे कप थरथरतात. अध्यक्ष शाळेच्या पुस्तकांसाठी नकाशे काढतात. सगळे त्यांना नकाशेकाका म्हणतात. त्यांच्या शेजारी सचिव, केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेल्या बाई. त्या वैद्यकीय पुस्तकांसाठी हाडं, स्नायू वगैरे काढतात. त्यांना सगळे हाडंबाई म्हणतात आणि त्या ओ देतात.
माझी चित्रं पाहून नकाशेकाकांनी विचारलं, तुमच्याकडे फार थंडी असते का, सगळ्यांचे हात खिशात आहेत. काही जण हसले. हाडंबाई हसल्या नाहीत. माझं नाव त्यांनी पुन्हा वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि तब्येत आता बरी आहे ना, म्हणून विचारलं. मी म्हटलं, उत्तम. त्या म्हणाल्या, मोठं दुखणं झालं होतं ना तुम्हाला? मी म्हटलं, दुखणं मनाचं आहे आणि औषध मी शोधलंय.
त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि पुन्हा खोचली. छाप पडली असावी.
प्रवेश मिळाला.

२६ मार्च
मार्गदर्शक म्हणून हाडंबाई मिळाल्या. त्यांनी स्वतःहून माझं नाव मागून घेतलं असं कळलं. गुणवत्ता लपत नाही.
त्यांच्या घरी गेलो. खिडकीपाशी लांब टेबल, त्यावर प्लॅस्टरचे हात. मूठ, पंजा, पेन धरलेला, काहीच न धरलेला. अशा घरात जेवण कसं जातं कोण जाणे. बाईंनी चहा केला आणि म्हणाल्या, तुमच्याशी एक बोलायचं होतं, त्या पुस्तकाबद्दल. मी त्यांना मध्येच थांबवलं. म्हटलं, सहानुभूती नको, मला न्याय हवाय. मग न्याय म्हणजे काय ते मी सविस्तर सांगितलं. चहा गार झाला.
जाताना त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी मूठ काढू या, मूठ म्हणजे आधी नुसता बटाटा समजायचा. मी म्हटलं, सध्या वेळ नाही. तपास सुरू करायचाय.

४ एप्रिल
गुरुवारची बैठक. तपासाची पद्धत ठरवली. पुस्तकातल्या हातांची एक खूण आहे. प्रत्येक नखाच्या तळाशी बारीक चंद्रकोर. फार कमी लोक ती काढतात. मी नवी वही नेली आणि म्हटलं, आठवण म्हणून प्रत्येकाने यात एक हात काढून द्या. सगळे खूश झाले. माझ्या कपटाची कुणाला शंकाही आली नाही.
नकाशेकाकांचा हात एखाद्या द्वीपकल्पासारखा आला, बोटांमध्ये खाड्या. झाडं-पानं काढणाऱ्या आजोबांनी मनगटातून पालवी फोडली. टोपीवाल्याने चारच बोटं काढली. हा माझ्याच वयाचा, सतत टोपी घालतो, सतत त्याच्याकडे काम असतं. म्हणाला, कार्टूनमध्ये चारच असतात. पाचवं बोट मुद्दाम लपवलं. खूण लपवण्यासाठी. हाच तो.
हाडंबाईंनी एका दमात पंजा काढला. नखांवर चंद्रकोरी होत्या. पण त्यांचं कामच शरीराचं आहे, त्या सगळंच काढतात. त्यांना यादीतून वगळलं. इतक्या मोठ्या चित्रकार चार वर्षांच्या मुलांच्या पुस्तकात कशाला येतील?

११ एप्रिल
टोपीवाल्याशी गोड बोलायला सुरुवात केली. शत्रूची पूर्ण माहिती हवी. त्याने मला बिस्किट दिलं आणि एका मासिकाचं काम हवंय का, म्हणून विचारलं, त्याला एकट्याला झेपत नाहीये. नाही म्हटलं. आधी जिरवीन, मग काम.
बाई बैठकीनंतर जिन्यात थांबल्या होत्या. दोन मिनिटं आहेत का, विचारलं. मी म्हटलं, तुमची काळजी कळते, पण गुन्हेगार जवळजवळ सापडलाय. जवळजवळ म्हणजे बिस्किटाइतका जवळ. त्या म्हणाल्या, अहो, ऐका तरी. मी ऐकलं असतं, पण खालचं मशीन सुरू झालं.

१९ एप्रिल
तक्रार दिली. कच्चा मसुदा, पक्का मसुदा, मग पुन्हा पक्का. 'विद्रूपीकरण' हा शब्द नीट तपासून घातला. मागण्या: एक, मूळ चित्रांसह पुस्तक पुन्हा छापावं. दोन, हात काढणाऱ्याचं नाव जाहीर करून त्याला संघटनेतून काढावं. तीन, संपादकाने लेखी माफी मागावी, ठळक अक्षरात.
टोपीवाल्याचं नाव लिहिलं नाही. त्याचा चेहरा सगळ्यांसमोर पांढरा पडलेला बघायचाय. त्या दिवशी कुठला शर्ट घालायचा ते ठरवलं.
ताईला सांगितलं. ती म्हणाली, अरे, त्यांनी तुझं पुस्तक वाचवलं, त्यांना शोधून पेढा द्यायचा सोडून तू त्यांच्या मुळावर उठलायस. ताईला कलेतलं कळत नाही. लहानपणीही रंगवताना ती रेघेबाहेर जायची.

३ मे, सुनावणी
सविस्तर लिहितो.
टेबलाच्या एका बाजूला मी, इस्त्रीचा शर्ट. समोर संपादक. मध्ये नकाशेकाका. टोपीवाला मागच्या बाकावर, टोपीसकट. त्याच्याकडे मी एकदा रोखून पाहिलं. त्याने अंगठा वर करून मला शुभेच्छा दिल्या. निर्ढावलेला माणूस.
नकाशेकाकांनी संपादकाला विचारलं, हात कुणी काढले? संपादकाने उत्तर द्यायच्या आतच हाडंबाई सचिवाच्या खुर्चीतून उठल्या, वळसा घालून आल्या आणि संपादकाशेजारच्या खुर्चीत बसल्या. मला वाटलं, खिडकीचं ऊन लागत असेल.
"मी काढले," त्या म्हणाल्या.
खालचं मशीन बंद होतं. नेमकं तेव्हाच.
त्यांनी सांगितलं ते असं. संपादकाने त्यांना चित्रकार आजारी आहे असं सांगितलं. अंथरुणाला खिळलाय, हात काढायचे राहिलेत, त्यानेच विनंती केलीय, पुस्तक अडकलंय. व्यवसायबंधू आजारी म्हणून त्यांनी दोन दिवसांत हात काढून दिले. नाव छापू नका असंही स्वतःच सांगितलं, आजारी माणसाचं श्रेय कशाला घ्यायचं म्हणून. मी मुलाखतीला धडधाकट दिसलो तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.
मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाही?
"दर भेटीत सांगायला गेले," बाई म्हणाल्या. "दर वेळी तुम्ही मला न्याय समजावून सांगितलात."
मागे कुणीतरी हसलं. टोपीवाला नव्हता, हे मी पाहिलं. तो माझ्याकडे वाईट वाटल्यासारखं बघत होता. हा अपमान वेगळा लक्षात ठेवलाय.
नकाशेकाका म्हणाले, चूक संपादकाच्या खोटं बोलण्याची आहे, त्याने माफी मागावी, आणि पुढच्या आवृत्तीत दोघांची नावं छापावी, चालेल? बाई म्हणाल्या, चालेल. संपादकही चालेल म्हणाला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
इथे कच्चा माणूस विरघळला असता. मी म्हटलं, नाही चालणार. मूळ चित्रं छापा. आणि नियम करा की सभासदाच्या चित्रात दुसऱ्या कुणीही एक रेघसुद्धा मारायची नाही. संपादक म्हणाला, आणि चित्रकारानेच विनंती केली तर? ही त्याची पळवाट मी तिथल्या तिथे बुजवली. म्हटलं, लिहून घ्या, सभासदाने स्वतः विनंती केली तरीही नाही.
नकाशेकाकांनी विचारलं, नक्की ना? नियम सगळ्यांना लागू होतो. मी म्हटलं, व्हायलाच हवा.
मतदान झालं. बाईंनीही हात वर केला. नियमाच्या बाजूने.
त्यांना काढून टाकण्याची मागणी मी उदारपणे मागे घेतली. तक्रारदार आणि मार्गदर्शक हे नातं मात्र आता चालणार नाही, असं नकाशेकाका म्हणाले. चालेल म्हटलं.
जिंकलो. घरी येऊन शर्ट घडी करून ठेवला. भूक नव्हती.

७ मे
विजयाचा आनंद होतोय. हळूहळू होतोय, पण होतोय.
मंगळवारी बाईंकडे जायची सवय लागली होती. आज नळ दुरुस्त केला.

२२ जून
दुसरी आवृत्ती आली. माझी मूळ चित्रं. फेस, टॉवेल, खिसे, सगळं आहे. संपादकाची माफी पहिल्या पानावर, ठळक अक्षरात, व्याकरण निर्दोष. भाचीच्या शाळेत पुस्तक लागलंय. भाची सांगत होती, तिच्या वर्गाच्या बाईंनी खेळ घेतला, चित्रात हात शोधा. कुणालाच सापडले नाहीत. मुलं खूप हसली, मग दोघं रडली.
वाचकांचा इतका सहभाग पहिल्या आवृत्तीला मिळाला नव्हता.
आईने ही आवृत्ती मजल्यावर नेली नाही. गुडघा दुखतोय म्हणाली. भावोजींनी पुस्तक हातात घेतलं, परत ठेवलं आणि दुकानात पंखा नवीन बसवलाय, एवढंच बोलले.

५ जुलै
मोठी बातमी. संघटना नवं पत्रक काढतेय, 'सभासदत्वाचे फायदे'. समितीने एकमताने ठरवलं की मुखपृष्ठ मीच करायचं. संघटनेने ज्याला न्याय मिळवून दिला तो सभासद म्हणून. त्याचंच पोस्टर शहरभर लागणार, माझं नाव खाली मोठ्या टाइपात. भावोजींच्या दुकानासमोरच्या भिंतीवरसुद्धा. आता बघू कोण खुर्चीचं नाव काढतं. संपादकाला एक प्रत रजिस्टर पोस्टाने पाठवणार.
विषय नकाशेकाकांनी फोनवर सांगितला. हस्तांदोलन. फक्त दोन हात, जवळून. बाकी काही नको.

६ जुलै
विषयाचा फेरविचार करावा, अशी सूचना केली. सभासदत्वाचा फायदा दोन छत्र्यांमधूनही दाखवता येईल. नकाशेकाका म्हणाले, नको, हातच.

११ जुलै
पहिला आराखडा दिला. दोन माणसं भेटतायत, मध्ये खांब आहे. हस्तांदोलन खांबामागे चाललंय. खांबामुळे ताण निर्माण होतो. परत आला.
दुसरा आराखडा. थंडीचे दिवस, मोठे हातमोजे. टोपीवाल्याने पाहिला आणि विचारलं, दोन उशा का भेटतायत? त्याला काम जास्त आहे, म्हणून असं बोलतो.

१५ जुलै
उद्या बाईंकडे जातो. पडती बाजू घेऊन नाही. त्यांच्यावर एक डाग आहे, तो धुऊन काढायची संधी त्यांना द्यावी, एवढ्याच भावनेने. त्यांनी ते दोन हात काढून दिले, की मी त्यांना मनापासून माफ करीन. नाव अर्थात माझंच राहील, त्यांना श्रेयाची हौस नाही.

१६ जुलै
गेलो. बाईंनी दार उघडलं, आत या म्हणाल्या, चहा ठेवला. मी माफीचा प्रस्ताव मांडला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला. मला कुणी इतकं ऐकून घेत नाही. मग कपाटातून संघटनेची नियमावली काढली, नवं पान उघडलं आणि माझ्यापुढे ठेवलं. सभासदाच्या चित्रात अन्य कोणीही रेघ मारू नये, सभासदाने स्वतः विनंती केली तरीही.
वाक्यरचना माझीच होती. निर्दोष होती.
मी म्हटलं, अपवाद करता येईल का? त्या म्हणाल्या, अपवादाची जागा तुम्हीच बुजवलीत. रागाने म्हणाल्या नाहीत, तेच जास्त लागलं.
मग त्यांनी कप बाजूला सरकवला आणि स्वतःचा उजवा हात टेबलावर, माझ्यासमोर ठेवला. म्हणाल्या, रेघ मला मारता येणार नाही, पण हात ठेवून बसता येईल. काढा. बटाट्यापासून सुरू करा.
बटाटा आला. त्यावर बोटं बसेनात. एक बसवलं की शेजारचं सरकायचं. खोडरबर अर्धा झाला. बाई हलल्या नाहीत. त्यांचा हात अवघडला असणार. नखावर चंद्रकोर खरंच असते, हे आज पाहिलं. अंगठा कुठून निघतो ते मात्र अजून कळत नाही. इतकी वर्षं दोन अंगठे घेऊन फिरतोय.
उन्हं उतरली तेव्हा मी विचारलं, तुमची हरकत नसेल तर हातावर जरा रुमाल टाकू का?
बाईंनी हात तिथेच ठेवला.
रुमाल परत खिशात ठेवला. उद्या अंगठा.